काकू घरात होत्या म्हणून लोन बसलं: इंडियानातल्या एका काउंटीची केस

ही केस आमच्या अगदी जवळच्या कुटुंबाची आहे, त्यांना विचारूनच लिहितेय, नावं टाकणार नाही. मी त्यांना दादा, वहिनी आणि काकू म्हणते, काकू म्हणजे दादाची आई, तेच इथे चालू ठेवते. गेल्या वर्षभरात किमान दहा जणांनी मला विचारलं की अमेरिकेत ते झिरो डाउनपेमेंटचं गावाकडचं होम लोन असतं ते आपल्याला मिळतं का, आणि दरवेळी मी फोनवर अर्धवट काहीतरी सांगितलं. म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहू, लोन कसं बसलं ते पण आणि तिथे राहायला गेल्यावर काय झालं ते पण, कारण दुसरा भाग कुणी विचारतच नाही.

जागा कुठली ते आधी सांगते. इंडियाना राज्यातली बार्थोलोम्यू काउंटी, काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. मुख्य शहर कोलंबस, ओहायोचं मोठं कोलंबस नव्हे, हे छोटं, २०२० च्या जनगणनेत ५० हजाराच्या थोडं वर आणि अख्खी काउंटी ८२ हजार. पुण्याच्या लोकांना हे गाव वेगळ्या कारणाने माहिती असतं, कारण इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथे आहे. १९१९ मध्ये इथे कंपनी सुरू झाली, १९६२ ला पुण्यात किर्लोस्कर कमिन्स आली, त्यामुळे कोथरूड आणि कर्वेनगरातनं इथे येणं-जाणं किती वर्षांचं आहे. किराणा दुकानात मराठी कानावर पडणं इथे नवलाचं नाही. शहराबाहेर पडलात की दोन्ही बाजूंनी मका आणि सोयाबीन, मधे एखादं घर, एखादं धान्याचं सायलो.

दादा इथल्याच एका सप्लायर कंपनीत क्वालिटीत आहे, वहिनी शाळेत अर्धवेळ काम करते. मुलं दोन, तेरा आणि नऊ वर्षांची. दादा एच१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आला, ग्रीन कार्डसाठी अनेक वर्षं लाइनीत थांबला, मग सिटिझन झाला आणि मग आईला आणलं. काका, म्हणजे दादाचे वडील, गेले, आणि ते जाण्याआधी आठ महिने हॉस्पिटलमध्ये होते. त्या आठ महिन्यांत दादाची घरासाठी साठवलेली सगळी रक्कम संपली. त्याबद्दल तो कधी एक शब्द बोलत नाही, पण वीस टक्के डाउनपेमेंट त्याच्याकडे का नव्हतं याचं उत्तर तेवढंच आहे.

तर पाच माणसं, दोन बेडरूमचं अपार्टमेंट, भाडं १६५० डॉलर, काकू हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर. शहरातल्या घरांच्या किमती बघून दादाने विषय सोडूनच दिला होता.

हे लोन नेमकं काय आहे

यूएसडीए म्हणजे अमेरिकेचं कृषी खातं. १९४९ च्या हाउसिंग ॲक्टचं कलम ५०२, त्याखाली गावाकडच्या घरांसाठी दोन लोनं आहेत. एक डायरेक्ट, ते सरकार स्वतः देतं, कमी उत्पन्नवाल्यांसाठी, आणि त्यात सबसिडी धरून व्याज अगदी १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं. दुसरं गॅरंटीड, त्यात पैसे बँकच देते, सरकार फक्त ९० टक्क्यांपर्यंत हमी घेतं. आपल्यातल्या नोकरदारांचा संबंध येतो तो दुसऱ्याशी. डाउनपेमेंट शून्य, ३० वर्षं फिक्स रेट, सुरुवातीला १ टक्का गॅरंटी फी जी लोनमध्येच टाकता येते, आणि मग दरवर्षी बाकी रकमेवर ०.३५ टक्के.

शेती करायला लागते का असं सगळे विचारतात. अजिबात नाही. शेतीशी काही संबंध नाही, उलट उत्पन्न काढायची मोठी शेती असलेली जागा चालत नाही. तुम्ही स्वतः राहायला घेताय ना, एवढंच बघतात. भाड्याने द्यायला घेत असाल तर विसरा.

आता तीन चाळण्या. पहिली नकाशा. साधारण १० हजारापर्यंत लोकसंख्येची गावं चालतात, मेट्रो भागाच्या बाहेर असेल तर काही अटींवर २० हजारापर्यंत, आणि पूर्वीपासून पात्र असलेली काही गावं ३५ हजारापर्यंत. कोलंबस शहर यातलं कशातच बसत नाही. पण काउंटीतलं होप नावाचं गाव, वस्ती दोन हजार शंभरच्या आसपास, आणि आजूबाजूचे सगळे काउंटी रोड बसतात. वेबसाइटवर पत्ता टाकायचा, लगेच कळतं. आम्ही तिघं एका रात्री बसून चाळीस-एक पत्ते टाकून बघितले होते. शहराच्या हद्दीजवळ एक रेघ येते आणि मग एकमेकांजवळच्या दोन घरांतलं एक पात्र आणि एक अपात्र, असं दिसतं ते डोळ्यांनी बघेपर्यंत खरं वाटत नाही.

दुसरी चाळणी तुमचं स्टेटस. इथे आपल्या बहुतेक लोकांची गाडी अडते आणि कुणी स्पष्ट सांगत नाही म्हणून मी सांगते. यूएसडीएला सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले आणि अशाच काही ठरावीक गटातले लोक लागतात. एच१बी वर मिळत नाही. एफएचए लोन, म्हणजे सरकारी हमीचं दुसरं एक लोन, एच१बी वर मिळायचं, तेही २५ मे २०२५ पासून बंद झालं. मग एच१बी वाल्यांना उरतं ते साधं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमीशिवायचं. ग्रीन कार्डच्या लाइनीत दहा-बारा वर्षं असलेल्या माणसाने या लोनच्या नादात प्रीअप्रूव्हलसाठी, म्हणजे आगाऊ मंजुरीसाठी, धावपळ करू नये एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे, मी एका मुलीला दोन महिने यात घालवताना बघितलंय.

तिसरी चाळणी उत्पन्नाची, आणि आमच्या केसचं सगळं इथेच आहे.

काकूंचा आकडा

नियम असा की घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं उत्पन्न धरतात, त्याचं नाव लोनवर असो नसो. म्हणजे धाकटा दीर नोकरी करतोय आणि तुमच्याकडे राहतोय तर त्याचा पगारही धरला जाणार. त्याच वेळी मर्यादा डोक्यांवर ठरते. २०२५ च्या उन्हाळ्यात आलेली बेस लिमिट, जी देशातल्या बहुतेक काउंट्यांना लागू होती आणि आमच्याही, ती एक ते चार माणसांच्या घराला १ लाख १९ हजार ८५० डॉलर आणि पाच ते आठ माणसांच्या घराला १ लाख ५८ हजार २५० डॉलर.

दादा ९८ हजार ४००, त्यात ओव्हरटाइम पण आला, तो पण धरतात. वहिनी ३२ हजार ६००. बेरीज १ लाख ३१ हजार. प्रत्येक लहान मुलामागे ४८० डॉलर वजा होतात, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या पाळणाघराचा किंवा शाळेनंतरच्या सांभाळाचा खर्च वजा होतो, तो त्यांचा आधी वर्षाला ३ हजार होता. सगळं वजा करून १ लाख २७ हजार ४०. चार माणसांच्या मर्यादेच्या सात हजार वर. म्हणजे काकू येण्याआधी त्यांनी अर्ज केला असता तर सरळ नकार.

काकू आल्या आणि घर पाच माणसांचं झालं. मर्यादा एकदम १ लाख ५८ हजारावर गेली.

मला आठवतंय, लोन ऑफिसरने फोनवर विचारलं, घरात किती जण राहता, दादा म्हणाला चार, आणि मग थांबून म्हणाला, नाही, पाच, माझी आई आहे. फोन स्पीकरवर होता. काकू किचनमध्ये मेथी निवडत होत्या, त्यांना इंग्रजी फार कळत नाही, पण "मदर" कळलं आणि त्यांनी मान वर करून बघितलं.

त्या दिवसापासून घरात सगळे म्हणायला लागले की आईमुळे घर होतंय. प्रेमाने म्हणायचे. या वाक्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

आता काकूंना उत्पन्न नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि ते चुकीचं होतं. काका जिल्हा परिषदेचे शिक्षक, म्हणजे काकूंना फॅमिली पेन्शन. महिन्याला १८ हजार रुपये दहिवडीच्या बँकेत जमा होतात, वर्षाचे झाले साधारण अडीच हजार डॉलर. रक्कम मोठी नाही पण ती उत्पन्नात धरावी लागते, लपवायची नाही. बँकेने कागद मागितले. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, मराठीत, त्याचं भाषांतर करून सही करून दिलं, पासबुकाची झेरॉक्स, त्या दिवसाचा एक्स्चेंज रेट. शिवाय पेन्शन चालू आहे याचा पुरावा, तो देईपर्यंत फाइल पुढे गेलेली होती आणि नेमका नोव्हेंबर, म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. दादा एक दिवस सुट्टी काढून काकूंना घेऊन शिकागोच्या कॉन्सुलेटमध्ये गेला, जायला चार तास यायला चार तास. तो दाखला एका बाजूला साताऱ्याला गेला आणि त्याची कॉपी दुसऱ्या बाजूला इंडियानाच्या लोन फाइलमध्ये. एकच कागद दोन्हीकडे.

काकू ६६ वर्षांच्या म्हणून ज्येष्ठांची वजावट मिळेल असं दादाला वाटलं होतं. ती मिळत नाही. अर्जदार किंवा सहअर्जदार ६२ किंवा त्याहून जास्त वयाचा असेल तरच, घरातली आई असून उपयोग नाही.

हप्त्याचं गणित सोपं होतं. घर २ लाख ५२ हजाराचं, गॅरंटी फी मिळवून लोन २ लाख ५४ हजार ५४५, रेट ६.२५ टक्के. मुद्दल-व्याज १५६७, वार्षिक फीचे महिन्याला ७४, प्रॉपर्टी टॅक्स २१०, इन्शुरन्स १४५, एकूण १९९६ डॉलर. नियम म्हणतो की घराचा खर्च मासिक उत्पन्नाच्या २९ टक्क्यांपर्यंत आणि सगळी कर्जं मिळून ४१ पर्यंत. यांचं घराचं १८ आणि दोन गाड्यांचे हप्ते धरून २६. क्रेडिट स्कोअर ७०० च्या वर. साधारण ६४० च्या वर असेल तर फाइल त्यांच्या कॉम्प्युटर सिस्टीममधून सरळ जाते. आणि हो, ज्याच्याकडे वीस टक्के डाउनपेमेंट रोख पडून आहे आणि ज्याला साधं लोन सहज मिळतंय त्याला हे देत नाहीत. दादाच्या बँक स्टेटमेंटमध्ये काकांच्या आजारपणाचे ट्रान्स्फर ओळीने दिसत होते, त्या प्रश्नाचं उत्तर वेगळं द्यावं लागलं नाही.

टॅक्सबद्दल एक गोष्ट इंडियानातल्या लोकांनी लक्षात ठेवा. स्वतः राहत असलेल्या घराला टॅक्स साधारणपणे किमतीच्या १ टक्क्याच्या वर जात नाही, पण त्यासाठी होमस्टेडचा, म्हणजे इथे आपण स्वतः राहतो हे नोंदवायचा, फॉर्म भरलेला पाहिजे, नाहीतर मर्यादा २ टक्के होते. कागदांच्या ढिगात तो फॉर्म राहून जातो आणि मग पुढच्या वर्षी डबल बिल.

घर बघताना

पहिलं घर आवडलं होतं ते हॉ क्रीक ओढ्याच्या जवळ, फ्लड मॅपवर लाल पट्ट्यात. २००८ च्या जूनमध्ये याच ओढ्याचं पाणी कोलंबसच्या हॉस्पिटलमध्ये शिरलं होतं आणि सगळे पेशंट हलवावे लागले होते, इथले जुने लोक अजून त्याच्याबद्दल बोलतात. फ्लड इन्शुरन्सचा आकडा ऐकून ते घर सोडलं.

दुसरं होप गावातच, चौकाला लागून, गावचं पाणी, गावचं ड्रेनेज, लायब्ररी चालत पाच मिनिटांवर. मला तेच घ्यावं असं वाटत होतं आणि मी तसं सांगितलं पण होतं. पण तीनच खोल्या आणि बेसमेंटमध्ये ओल.

तिसरं काउंटी रोडवर, दीड एकर, चार बेडरूम, काकूंसाठी खाली स्वतंत्र खोली आणि बाथरूम. जिना चढायला नको. ते घेतलं.

इथले काउंटी रोड नंबरने ओळखतात, म्हणजे मध्यापासून सात मैल उत्तरेला तर ७०० नॉर्थ. नवीन माणसाला सगळे रस्ते सारखेच दिसतात. घराला स्वतःची बोअर आणि स्वतःची सेप्टिक टँक, आणि यूएसडीए लोनमध्ये खरी परीक्षा या दोघांची होते. माणसाची फाइल पास होते आणि पाण्यावर अडकते.

बोअर ८० फूट. काकू माण तालुक्यातल्या, त्यांनी तो आकडा ऐकला आणि दादाला परत विचारलं, ऐंशीच? आमच्याकडं चारशे फुटावर पण नुसता फुफाटा उडतो रे. त्यांना ते घर आवडायचं पहिलं कारण ते पाणी होतं. घर बघायला गेलो तेव्हा बाहेरच्या नळाखाली ओंजळ धरून त्यांनी ते पिऊन पण बघितलं, आम्ही नको म्हणेपर्यंत.

नको म्हणालो ते बरंच केलं. टेस्ट आली तर कोलिफॉर्म, म्हणजे दूषित पाण्यातले जंतू, पॉझिटिव्ह. नायट्रेट ६.८ आलं, मर्यादा १० आहे लिटरला मिलिग्रॅममध्ये, म्हणजे पास, पण चारी बाजूंनी मक्याला खत पडतंय तिथे हा आकडा दरवर्षी बघत राहायला लागणार. कोलिफॉर्मवर उपाय म्हणजे शॉक क्लोरिनेशन, बोअरमध्ये ठरावीक प्रमाणात ब्लीच ओततात, घरातला एकेक नळ वास येईपर्यंत सोडतात, रात्रभर तसंच ठेवतात आणि मग पाणी वाहू देतात. विकणाऱ्याने बोअरच्या तोंडावरचं जुनं झाकण पण बदललं, त्याचं सील गेलेलं होतं, पावसाचं पाणी तिथनंच आत जात असणार. दहा दिवसांनी दुसरी टेस्ट निगेटिव्ह आली.

मग अंतर. बोअर आणि सेप्टिकचं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या पट्ट्यात १०० फूट पाहिजेत. अप्रेझरने, म्हणजे घराची किंमत ठरवायला आलेल्या माणसाने, टेप लावला, ८६ भरले. त्या दिवशी दादाचा आवाज बसलेला मला फोनवर कळला. पण नियमात अशी सोय आहे की स्थानिक हेल्थ डिपार्टमेंटला मान्य असेल तर ७५ पर्यंत चालतं. ते पत्र मिळवण्यात दोन आठवडे गेले. आपल्याकडे गावठाणातल्या घरावर लोन काढताना एनए आहे का, नमुना ८ कुणाच्या नावावर, यावर सगळं अडतं, दादाने ते दहिवडीच्या घराच्या दुरुस्तीसाठी एकदा अनुभवलं होतं, कागदाअभावी तिथे काम झालंच नाही. इथे कागद सगळा होता, प्रश्न मातीतला होता, टेप लावून मोजायचा.

२०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटी बँकेने फाइल पुढे पाठवली. बँकेने मंजूर केली तरी यूएसडीएचं कमिटमेंट, म्हणजे हमीचं लेखी पत्र, आल्याशिवाय पुढे काही होत नाही, आणि १ ऑक्टोबरला फेडरल सरकार शटडाउनमध्ये गेलं, म्हणजे खर्चाला मंजुरी नसल्यामुळे बरीच सरकारी कामं बंद. १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस. नवीन कमिटमेंट बंद. भाड्याच्या घराची नोटीस दिलेली होती, दादाने हात जोडून महिन्याने वाढवून घेतली. विकणारी बाई, तिच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं, तिने दोनदा एक्स्टेन्शनवर सही केली. दुसऱ्या कुणी घर परत बाजारात काढलं असतं, तसं ऑफर तिच्याकडे आलेलं पण होतं. ती काकूंना एकदाच भेटली होती. क्लोजिंगचा, म्हणजे शेवटचा व्यवहार पूर्ण करायचा, बराचसा खर्चही तिनेच उचलला, या लोनमध्ये विकणाऱ्याला ६ टक्क्यांपर्यंत तसा उचलता येतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चावी मिळाली, दारात बर्फ.

राहायला गेल्यावर

पाइपचा गॅस नाही, प्रोपेन. अंगणात ५०० गॅलनची पांढरी टाकी, ती ८० टक्केच भरतात म्हणजे ४०० गॅलन, आणि एकदा भरायला नऊशे डॉलरच्या आसपास. मार्चपर्यंत दोनदा भरली. हप्त्याच्या गणितात हे कुठेच येत नाही. कचऱ्याची गाडी स्वतः पैसे देऊन लावायची. फायर ब्रिगेड गावच्या स्वयंसेवकांची, आणि हायड्रंट लांब असेल तर इन्शुरन्स वाढतो.

जानेवारीत एका रात्री गोठणारा पाऊस झाला आणि लाइट गेली. शहरात लाइट गेली तर अंधार होतो, इथे लाइट गेली की बोअरचा पंप बंद, म्हणजे पाणी पण बंद, संडासला पण नाही. १९ तास. पण त्यांच्या घरी पाणी होतं. काकूंनी राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन मोठे प्लॅस्टिकचे ड्रम आणायला लावले होते, बाथरूममध्ये झाकून ठेवलेले, दर चार दिवसांनी पाणी बदलायच्या. वहिनी आधी वैतागली होती, म्हणाली आई, इथे कशाला. काकू म्हणाल्या, मोटर लाइटवर चालते ना? मग पाणी भरलेलं पाहिजे. लोडशेडिंगमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेजारचा शेतकरी, त्याचं घर पाव मैलावर, तो जनरेटर हवाय का विचारायला ट्रॅक्टरवर आला तेव्हा घरात सगळ्यांच्या आंघोळी सोडून सगळं झालेलं होतं.

मुलांचं छान चाललंय. शाळा छोटी, शिक्षक नावाने ओळखतात, थोरल्याला बँडमध्ये घेतलंय. दादाला ऑफिसला वीस मिनिटं लागतात. वहिनीने बॅकयार्डमध्ये मेथी-कोथिंबिरीचे वाफे आखलेत.

पण सकाळी पावणेसातला स्कूल बस येते, सातला दादा जातो, साडेसातला वहिनी, आणि दुपारी साडेतीनपर्यंत काकू एकट्या. अपार्टमेंटमध्ये खाली उतरलं की कुणीतरी भेटायचं, आम्ही दोन घरं सोडून होतो, दुपारी त्या माझ्याकडे चहाला यायच्या, शहराची बस होती, एकदा तर एकट्या देवळाच्या कार्यक्रमाला पण गेल्या होत्या. इथे बस नाही, फुटपाथ नाही, गाडी चालवता येत नाही, बाहेर उणे बारा डिग्री. गुडघ्याला इंजेक्शन घ्यायचं तर दादाने अर्धा दिवस रजा टाकायची. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, तो पण नाही, नवीन ग्रीन कार्डवाल्यांना पाच वर्षं थांबावं लागतं. फेब्रुवारीत मी भेटायला गेले तर त्या खिडकीशी खुर्ची लावून बसलेल्या. म्हणाल्या, अगं आज तीन गाड्या गेल्या. सकाळपासून रस्त्यावरनं तीन गाड्या, त्या मोजलेल्या.

मला ते घरी येईपर्यंत गिळवेना. ज्या माणसाच्या डोक्याच्या हिशोबावर हे घर मिळालं त्याच माणसाला त्या घरात सगळ्यात अवघड जात होतं, आणि हे कुठल्याही फॉर्मवर येणार नव्हतं. पाण्यासाठी टेस्ट आहे, सेप्टिकसाठी टेप आहे. मी पण घर बघताना शाळा बघितली, इन्शुरन्स बघितला, काकूंची दुपार कशी जाईल हे मोठ्याने विचारलं नाही. होप गावातलं घर मी सुचवलं होतं ते याच्यासाठीच होतं, पण मी ओलीचं कारण ऐकून गप्प बसले. ओल दुरुस्त करता आली असती.

वहिनीशी बोलले. तिला माहिती होतं, पण काकू काही बोलतच नव्हत्या, विचारलं की म्हणायच्या, छान आहे की, पाणी किती गोड आहे. मग वहिनीने मंगळवारची वेळ बदलून घेतली, मंगळवारी ती काकूंना होपच्या लायब्ररीच्या शाखेत सोडते, तिथे बायका विणायला बसतात. भाषा येत नाही पण सुई येते. शेतकऱ्याची बायको गुरुवारी गाडीतनं त्यांना अंडी आणायला घेऊन जायला लागली. आठवड्यातले दोन दिवस झाले. शनिवार-रविवारी आम्ही कुणी ना कुणी जातो.

मार्चमध्ये काकूंनी मला फोन केला, दुपारी, सगळे बाहेर असताना. इकडचं तिकडचं बोलल्या, दहिवडीला त्यांच्या बहिणीच्या नातीचं लग्न मे महिन्यात आहे हे सांगितलं, आणि मग हळूच विचारलं, अगं, तुला त्या कागदांचं कळतं म्हणून विचारते, मी तिकडं गेले तर हे घर काढून घेतील का गं?

मला एक क्षण कळलंच नाही. मग कळलं. डिसेंबरपासून चार महिने त्या हेच धरून बसल्या होत्या. घर पाच माणसांवर मिळालंय, पाचवी मी, मी उठले तर मुलाचं घर जाईल. म्हणून कंटाळा आला असं म्हणायचं नाही, लग्नाला जायचंय असं म्हणायचं नाही. आईमुळे घर झालं हे आम्ही सगळ्यांनी एवढ्यांदा म्हटलं होतं.

मी त्यांना सावकाश सांगितलं. गॅरंटीड लोनमध्ये उत्पन्न आणि माणसं एकदाच मोजतात, कमिटमेंट मिळायच्या वेळी. तेव्हा तुम्ही खरोखर तिथे राहणार होतात आणि राहिलात, सगळं खरं लिहिलंय. त्यानंतर कुणी दरवर्षी माणसं मोजायला येत नाही. दादाचा पगार वाढला तरी घर जात नाही, तुम्ही गावी गेलात तरी जात नाही. हप्ता वेळेवर गेला की झालं. तुमच्या ग्रीन कार्डपुरतं एवढंच सांभाळायचं की सहा महिन्यांच्या आत परत यायचं, त्याच्यावर गेलात की एअरपोर्टवर प्रश्न विचारतात.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, म्हणजे घर त्याचंच आहे ना आता? मी म्हटलं हो काकू, त्याचंच. नक्की? नक्की.

मग विचारलं, मे महिन्यात तिकीट महाग असतं का गं?

दादाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो पलीकडे एवढा वेळ गप्प होता की मला वाटलं फोन कट झाला. तिकीट त्याने रात्रीच काढलं, ३ मे जाण्याचं, १२ सप्टेंबर परतीचं, म्हणजे आंबे पण होतील आणि इथली थंडी सुरू व्हायच्या आत परत. जाताना काकूंनी वहिनीला दोनच गोष्टी परत परत बजावल्या, बोअरचं पाणी मे महिन्यात टेस्टला द्यायचं, कारण तेव्हा शेतात खत पडलेलं असतं, आणि ड्रम रिकामे ठेवायचे नाहीत.